खाण कुणी सोडली?

मागच्या वर्षी आमच्या स्टुडिओत एक यादी आली. एका कल्पनारम्य खेळासाठी ‘सोडून दिलेली खाण’ सजवायची होती. यादीत होतं: उलटलेली खाणगाडी, दोन नमुने, गंजलेले रूळ, सरळ आणि वळणाचे, मोडके लाकडी खांब, कुदळ, फावडं, विझलेला कंदील, दोर तुटलेली बादली, कोळिष्टकं, आणि सगळ्यात शेवटी, सांगाडा: बसलेला एक, पडलेले दोन.

मी प्रॉप आर्टिस्ट आहे. खेळाच्या नकाशावर जे जे पडलेलं, टांगलेलं, मोडलेलं दिसतं ते बनवणं हे माझं काम. गेली नऊ वर्षं मी बेंगळुरूत हेच करते. या नऊ वर्षांत मी अशा सात खाणी सजवल्या, आणि सातांपैकी एकाही खाणीत कुणी काम करताना मला दाखवावं लागलं नाही.

हे चित्र तुमच्या ओळखीचं आहे. खेळत नसाल, तर घरातल्या मुलाच्या पडद्यावर पाहिलं असेल. माइनक्राफ्टमध्ये २०११पासून जमिनीखाली खाणीचे बोगदे आपोआप तयार होतात: लाकडी आधार, तुटक रूळ, विषारी कोळी आणि गाडीत ठेवलेली खजिन्याची पेटी. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा नवशिक्यांसाठीचा २०१४चा संच घ्या, त्यातली मोहीमच एका हरवलेल्या खाणीची आहे. घरी टेबलावर नकाशा मांडून खेळणाऱ्यांसाठी तयार चित्रांचे संच विकत मिळतात. त्यांत जंगल, किल्ला, स्मशान यांच्या शेजारी खाण असतेच. खाण सोयीची पडते. अंधार फुकट मिळतो, वाटा फुटतात, छत कोसळवता येतं, सोनं सापडायला कारण लागत नाही. शिवाय मालक विचारायला येत नाही आणि मजूर पगार मागायला येत नाही.

माझी तक्रार इथेच आहे. या खाणीत मजुराची हत्यारं आहेत, त्याचा दिवा आहे, त्याची हाडंसुद्धा आहेत. तो कोण होता, त्याला काय मिळायचं, तो कशानं गेला आणि बाकीचे कुठे गेले, हे मात्र नकाशा सांगत नाही. आणि खेळणाऱ्यानं विचारूही नये अशा बेतानं सगळी मांडणी केलेली असते. ही मांडणी आम्ही प्रॉपवाले करतो. तेव्हा आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझं.

माझे बाबा वर्धा खोऱ्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत अठ्ठावीस वर्षं होते. आधी लोडर, मग टिंबरिंगच्या गँगमध्ये. चंद्रपूरकडच्या आमच्या कॉलनीत तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी आणि मराठी एकाच नळावर भांडायच्या. ‘प्रॉप’ हा शब्द मी स्टुडिओत शिकले नाही. तो बाबांच्या डब्याबरोबर रोज घरी यायचा. प्रॉप म्हणजे बल्ली. छताखाली उभी करायची, माथ्यावर फळी द्यायची, पाचर ठोकून घट्ट करायची. त्याआधी छत ठोकून बघायचं. आवाज पोकळ आला तर तिथे उभं राहायचं नाही. लाकडाचा प्रॉप लोखंडी प्रॉपपेक्षा भरवशाचा, असं जुनी माणसं म्हणत, कारण लाकूड मोडण्याआधी बोलतं. करकर ऐकू आली की पळायला थोडा वेळ मिळतो. खांब कापून कोळसा काढून झाला की हेच प्रॉप मागे सरकत सरकत काढून घ्यायचे असतात आणि मोकळी जागा कोसळू द्यायची असते. ते काम बाबांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांच्या गँगमधला एकजण त्यातच गेला. मी तेव्हा सहावीत होते.

बाबा बेंगळुरूला आले तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना माझी खाण पडद्यावर दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहिलं.

“हे प्रॉप कोनं लावले?”

“मी, बाबा.”

“माथ्यावर फळी नाही, पाचर नाही. नुसती बल्ली उभी केली तर ते काय पकडनार?”

मग त्यांनी गाडीवर बोट ठेवलं. आमच्याकडे तिला टब म्हणतात. “भरलेला टब काहून सोडला? भरलेला टब कोनी सोडते का?” लोडरची मजुरी टबांवर मोजली जायची. भरलेला टब टाकून जाणं म्हणजे केलेल्या कामाचे पैसे टाकून जाणं. मग कंदील पाहिला. “बत्ती इथं पडली आहे म्हन्जे मानूस अंदर आहे.” खाणीत उतरताना लॅम्परूममधून बत्ती घ्यायची, वर आल्यावर परत लावायची. पाळी सुटल्यावर बत्त्या मोजतात. एक कमी भरली तर एक माणूस कमी आहे.

सांगाड्यापाशी ते थांबले. “याले बाहेर काहून नाही काढलं?”

मी म्हटलं, “बाबा, खेळ आहे.”

“हो. पन याच्या घरी सांगतलं का?”

मी लॅपटॉप मिटला. बाबांच्या लेखी त्या नकाशावरची एकही वस्तू शोभेची नव्हती. टब म्हणजे मजुरी, बत्ती म्हणजे हजेरी, बल्ली म्हणजे डोक्यावरचं छत. त्यांनी नकाशा एखाद्या हिशेबाच्या वहीसारखा वाचला आणि कुठल्याच पानावर जमाखर्च जुळेना.

दोष फक्त चित्रकाराचा नाही, भाषेचाही आहे. इंग्रजी यादीत खाण ‘सोडून दिलेली’ असते. सोडणारा कोण, ते गाळलेलं असतं. आपली मराठी त्याहून पुढे जाते. आपण म्हणतो, खाण बंद पडली. पाऊस पडतो, भिंत पडते, विसर पडतो, तशी खाण बंद पडते. ‘बंद केली’ म्हटलं की पाठोपाठ ‘कुणी?’ येतं, म्हणून ‘पडली’ बरं. गिरणीबद्दलही आपण हेच क्रियापद वापरत आलो. हे नियतकालिक अनेक भाषांतून वाचणाऱ्यांचं आहे, म्हणून विनंती करते: तुमच्या दुसऱ्या, तिसऱ्या भाषेत हे वाक्य कसं बोलतात ते तपासा. कर्ता सापडतो का पाहा.

बेंगळुरूपासून साधारण शंभर किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स आहे. जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीनं १८८०मध्ये तिथे सोनं काढायला सुरुवात केली. १९०२मध्ये शिवनसमुद्रहून तिथे वीज आली, तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांनी ती पाहिलीही नव्हती. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खाली उतरणारे बहुतेक तमिळ बोलणारे, त्यांतले बरेच दलित. इयोथी थास यांच्या बौद्ध चळवळीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच मजुरांमध्ये मूळ धरलं. १९५६च्या नागपूरच्या कितीतरी आधी. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ही खाण बंद करण्यात आली. करण्यात आली, पडली नाही.

मी तिथे गेले होते ती गंज आणि लाकूड यांचे फोटो काढायला, कामासाठी. फोटो भरपूर मिळाले. पण सोडून दिलेलं गाव काही मला सापडलं नाही. घरांत माणसं होती, चहाच्या टपऱ्या होत्या, शाळा सुटत होती. मारिकुप्पमहून पहाटे निघणाऱ्या गाड्यांनी माणसं कामासाठी बेंगळुरूला येतात आणि रात्री परततात. ज्या शहरात बसून मी ओसाड खाणी रंगवते, त्याच शहरात खाणीची माणसं रोज कामाला येतात. आणि गावाच्या कडेला राखाडी टेकड्या आहेत, सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या दगडाच्या पिठाच्या. लोक त्यांना सायनाइड डंप म्हणतात. वारा सुटला की ते पीठ उडतं. माझ्या सातही खाणींत असा एकही ढीग नव्हता. एवढे बोगदे खणले तर खणलेला दगड गेला कुठे, हे मला नऊ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

कोलार बंद केली त्याच फेब्रुवारीत झरियाच्या कोळसापट्ट्यात बागडिगी खाणीत २९ माणसं बुडाली. शेजारच्या जुन्या, टाकून दिलेल्या कामांत साठलेलं पाणी आत घुसलं होतं. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जगभरच्या पडद्यांवर मोरिया आली.

मोरियाबद्दल नीट बोललं पाहिजे, कारण आजच्या सगळ्या काल्पनिक खाणी तिच्या लेकी आहेत. टॉल्किननं ती १९५४च्या पुस्तकात रचली. पण टॉल्किनच्या मोरियात एक गोष्ट आहे जी तिच्या लेकींनी टाकून दिली: तिथे एक वही सापडते. बालिन आणि त्याचे सोबती तिथे परत का आले, काय करत होते, कोण कुठे मेला, याची जळकी, फाटकी नोंदवही. बालिनला नावाची कबर आहे. प्रवासी थांबतात, वही वाचतात आणि मगच पुढे जातात. नंतरच्यांनी पूल घेतला, आगीचा राक्षस घेतला, खोलवरचे ढोल घेतले. वही मात्र कुणी उचलली नाही.

कधीकधी हिशेब खेळाच्या पोटातच लपलेला असतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या २००४च्या मूळ खेळात डेडमाइन्स नावाची खाण आहे. तिथला खलनायक एडविन व्हॅनक्लीफ हा गवंडी. युद्धात उद्ध्वस्त झालेलं राजधानीचं शहर त्याच्या संघटनेनं पुन्हा बांधलं, आणि उमरावांनी मजुरी द्यायचं नाकारलं. दंगल झाली, गवंड्यांना हाकललं, ते खाणीत शिरले. आता खेळणाऱ्याचं काम काय? खाणीत उतरायचं, आत राबणाऱ्यांना मारायचं आणि थकबाकी मागणाऱ्याचं मुंडकं नेऊन द्यायचं. त्याच खेळात मानवी बाजूनं सुरुवात करणाऱ्या नवशिक्याला अगदी पहिल्या कामांत एका खाणीतले कोबोल्ड मारायला सांगतात. डोक्यावर मेणबत्ती लावून खणणारे हे जीव, आणि त्यांची नावंच ‘वर्कर’ आणि ‘लेबरर’. लाखो लोकांनी हे केलं. मीही केलं, मजेत.

‘कोबोल्ड’ ही मुळात खाणकामगारांचीच कल्पना. जर्मन खाणींत चांदीसारखं दिसणारं एक खनिज सापडायचं. भट्टीत घातलं की चांदी नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. मजूर म्हणत, ही कोबोल्डची करणी. कोबाल्ट या धातूला नाव त्यावरूनच पडलं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणवाले ‘नॉकर’ मानत. दगडात ठकठक करून छत कोसळण्याची आगाऊ सूचना देणारे छोटे जीव. त्यांच्यासाठी ते डब्यातला घास मागे ठेवत. हेच कॉर्निश लोक पुढे कोलारला आले. म्हणजे ज्यांना विषबाधा झाली, ज्यांच्या डोक्यावर छत करकरलं, त्यांनी भीतीला दिलेली ही नावं. आम्ही ती उचलली आणि खेळणाऱ्याच्या हातात तलवार देऊन सांगितलं, यांना मारा.

आता नकाशाकडे येते, कारण आमचा धंदा नकाशाचा. खऱ्या खाणीचाही नकाशा असतो, आणि खाण सोडताना तो अखेरपर्यंत खणलेल्या शेवटच्या वाटेसकट नोंदवून ठेवावा लागतो. का, ते २००२च्या जुलैत अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दिसलं. क्वीक्रीक खाणीत नऊ माणसं कोळसा कापत होती. शेजारी जुनी, पाण्यानं भरलेली खाण होती. त्यांच्या नकाशावर ती अजून दूर होती, कारण तो नकाशा शेवटचा नव्हता. भिंत फुटली. वरून भोक पाडून तीन दिवसांनी नऊही जणांना जिवंत काढलं. आपल्याकडे २७ डिसेंबर १९७५ला धनबादजवळ चासनालात जुन्या कामांतलं पाणी असंच उतरलं, तेव्हा इतकं नशीब नव्हतं. मृतांचा आकडा पावणेचारशेच्या घरात गेला. सोडून दिलेली खाण रिकामी नसते. तिच्यात पाणी असतं, वायू असतो, आणि तिच्या नकाशातली चूक शेजारच्या खाणीतल्या माणसाला भोवते.

यावर माझे सहकारी जे म्हणतात ते ऐकून घेऊ. पहिलं: लोक दिवसभर राबून दोन घटका खेळायला बसतात, तिथे तू मजुरी आणि हजेरी काय काढतेस? खेळणाऱ्याचं हे म्हणणं मला मान्य आहे. मीही तशीच दमून खेळायला बसते. पण आमच्या धंद्यानं हे सांगू नये. बिजागरीवरचा गंज खरा दिसावा म्हणून आम्ही तीन तीन दिवस घालवतो. लाकडाच्या रेषा, ओलीचे डाग, काचेवरची काजळी, सगळं खरं हवं असतं. एवढ्या खरेपणात माणूस तेवढा खोटा का चालतो?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खऱ्या मजुरांचं दुःख खेळात घातलं तर तेही एक विक्रीचं सामानच होणार ना? होईल, दुःख घातलं तर. मी दुःख मागतच नाही. काळ्या फिती, रडणाऱ्या बायका, स्मारकं नकोत. खाण ही कामाची जागा होती एवढं दिसू द्या. डबा ठेवायचा कोनाडा, भिंतीवर खडूनं मोजलेले टब, उधारीचा आकडा, मुकादमाचं काढलेलं वेडंवाकडं चित्र. अग्रिकोलाच्या १५५६च्या ‘दे रे मेटालिका’त खाणीची चित्रंच चित्रं आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात माणसं काम करताना दिसतात. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींपाशी सात सात नवरे केलेल्या बायका सापडतात असंही त्यानं लिहून ठेवलंय. धुळीनं एकेकाची फुप्फुसं खाल्ली. साडेचारशे वर्षांपूर्वी एका विद्वानाला खाणीच्या तोंडाशी उभं असलेलं घर दिसलं. आमच्या नकाशात खाणीच्या तोंडाशी फक्त घोडे बांधायची जागा असते.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना, आणि घरी रविवारी नकाशे मांडणाऱ्या सगळ्यांना, चार प्रश्न. खाण ठेवण्याआधी उत्तरं ठरवा. चित्रात नाही उमटली तरी तुम्हाला माहीत असू द्या. ही कुणी खणली? थांबवली कुणी? खणलेला दगड कुठे टाकला? आणि खाणीबाहेर आता कोण राहतं? या चारांची उत्तरं असली की प्रत्येक वस्तू आपोआप जागेवर बसते. सांगाडा ठेवायचा असेल तर अवश्य ठेवा, पण त्याला बाहेर का काढता आलं नाही, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आठव्या खाणीत मी हे करून पाहिलं. प्रवेशाशी लॅम्परूमची फळी बनवली: एकतीस खिळे, तीस बत्त्या, आणि रिकाम्या खिळ्यावर एक टोकन. आमच्या लीडनं ती काढायला लावली. त्याचं म्हणणं, यानं वातावरण वाढत नाही, प्रश्न वाढतात. तो अगदी बरोबर बोलला.

मग मी तीच फळी कागदावर काढून आमच्या रविवारच्या टेबलावर ठेवली. पाचजण खेळतात. पहिले दोन तास कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. खजिन्याची वाट शोधत होते. मग एकीनं सहज बत्त्या मोजल्या आणि म्हणाली, एक कमी आहे. त्यानंतर खजिना मागे पडला. तीन रविवार झाले, ते खाली उतरताहेत, छत ठोकून बघताहेत, प्रॉप लावताहेत. माथ्यावर फळी, फळीला पाचर. बाबा सोमवारी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात.

“सापडला का मानूस?”

“अजून नाही, बाबा.”

“पाह्य मंग. अंदरच असन.”